सतरा दिवस बाजेवर

माझ्या लेकीला मी सतरा दिवस बाजेवरून खाली उतरू दिलं नाही. मोरीपर्यंत जायचं तेवढंच, तेही माझा हात धरून, चार पावलं तिकडे आणि चार पावलं परत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण घरी भेटायला येणाऱ्या बायका मला दुसरंच काहीबाही सांगत असतात. कोणी म्हणतं नशीब, कोणी म्हणतं सिझरमुळेच झालं, कोणी आजकालच्या औषधांना नावं ठेवतं. मी मास्तरीण आहे. दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ मारण्यात माझी अर्धी जिंदगी गेली. ही चूक कुठे आहे ते मला चांगलं दिसतं.

आम्ही मूळचे रामाकोन्याचे. माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची लेक माहेरी बाळंतपणाला आली होती, आणि माझी आई तिथं बाळाची दुपटी-लंगोट धुवायला जायची. मी सात-आठ वर्षांची, तिच्या पदरामागे. धुणं मागच्या अंगणात असायचं आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार तिथून दिसायचं. आत बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपेचा धूर, तुपात डिंक तळल्याचा वास. बाळंतीण डोक्याला फडकं बांधून पडलेली असायची आणि तिची आई तिच्या तळपायाला तेल चोळत बसलेली. सव्वा महिना त्या बाईनं जमिनीला पाय लावला नाही. त्या खोलीच्या उंबऱ्याला आम्ही शिवायचं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं की सुख म्हणतात ते हेच असणार. कोणीतरी आपल्याला ‘उठू नको’ म्हणायचं.

मला ते कोणी म्हटलं नाही. माझी लेक झाली तेव्हा वेचणीचे दिवस होते. बाराव्या दिवशी मी शेतात होते. बाभळीला झोळी बांधून तीत लेकीला टाकलेलं, आणि माझ्या ओटीत कापूस. सासू वाईट नव्हती. ती स्वतः आठव्या दिवशी उठली होती, त्यामुळे मला चार दिवस जास्त दिल्याचं तिला कौतुक होतं. पुढं मी शिकले, शिक्षिका झाले. पहिली नेमणूक छिंदवाड्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात मिळाली. लेक आजीजवळ रामाकोन्यालाच राहिली. शनिवारी संध्याकाळी मी यायचे आणि रविवारी दुपारी निघायचे. अशी आठ वर्षं गेली. सौंसरला बदली होईपर्यंत पोरगी स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली होती. तिचे बाबा ती कॉलेजात असताना गेले, आणि मग आम्ही दोघीच राहिलो.

तिचं सासर पांढुर्ण्याचं. जावई नगरपालिकेत नोकरीला, घरची थोडी शेती आणि संत्र्याची काही झाडं. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ती माझ्याकडे सौंसरला आली. दिवस भरत आले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा दीड महिन्याची सलग रजा टाकली. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लेकीचं बाळंतपण आहे. जरा मोठ्यानंच म्हटलं असणार, कारण बाहेर व्हरांड्यातली पोरं हसली.

सिझर झालं. मुलगी झाली. पाचव्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. सुट्टीच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: रोज थोडं थोडं चालवा, पाणी भरपूर द्या. मी तो कागद वाचला, घडी केली आणि कपाटात ठेवला. मला वाटलं, डॉक्टर सगळ्यांनाच हे सांगतात, त्यांना पलंग रिकामे करायचे असतात. मी विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलणारी बाई. लेकीची नजर मी काढली नाही, बाळाच्या हाताला काळा दोरा बांधू दिला नाही, दारात लिंबू टांगणाऱ्या शेजारणीशी भांडले. एवढं सगळं सोडलं म्हणजे आपण सुटलो, असं मी समजत होते. पण त्या अर्ध्या उघड्या दारातून जे पाहिलं होतं, ते मी श्रद्धा म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

मग मी सगळं साग्रसंगीत केलं. बाज आणली. बाजेखाली शेगडी ठेवली. ओवा जाळला. लेकीच्या डोक्याला फडकं बांधलं, पोट घट्ट आवळून बांधलं, पायांत लोकरीचे मोजे घातले. प्यायला उकळलेलं पाणी, तेही घोट-दोन घोट, कारण पाण्यानं पोट सुटतं असं माझी सासू म्हणायची. सासूचं मी जन्मात दुसरं काही ऐकलं नव्हतं. डिंकाचे लाडू मी स्वतः वळले. पहिला घाणा बिघडला तर दुसरा केला. सकाळी एक म्हातारी मालिशवाली यायची, आणि दुपारी ती नसताना मी लेकीच्या तळव्यांना तेल लावत बसायची. थंडीचे दिवस होते. खिडकीतून ऊन बाजेवर यायचं. नात झोपलेली असायची. आम्ही दोघी काहीही बोलत बसायचो. कधी तिच्या ऑफिसातल्या गमती, कधी माझ्या शाळेतल्या.

पहिले तीन दिवस ती म्हणायची, “आई, डॉक्टरीणबाईनं त चालाले सांगतलं आहे ना.”

मी म्हणायची, “डॉक्टरीणबाईले काय होते सांगाले? तुह्यं पोट फाडलं आहे. गुमान पडून राह्य.”

चौथ्या दिवसापासून तिनं म्हणणं सोडलं. पोरीला पटलं, असं मी समजले. मला फार आनंद झाला होता. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता, हे मी आज कबूल करते.

तेराव्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली. चौदाव्या दिवशी मालिशवाली मावशी पायाला हात लावून थांबली. तेलाची वाटी तिनं बाजूला सरकवली.

“बाई, हा पाय मले बराबर नाही वाटून राहिला,” ती म्हणाली. “गरम लागते. अन् पोटरी कशी टणक झाली पाहा. मी नाही रगडत बापा.”

“थंडीनं आखडला असंन मावशी,” मी म्हटलं. “तुमी रगडा.”

“नाही बाई. डॉक्टरले दाखवा तुमी.”

तिला अक्षरओळख नव्हती. मी तिला काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हणाले, तुम्हाला काम नको असंल तर तसं सांगा, मला वैद्यकी शिकवू नका. ती पदराला हात पुसून निघून गेली. मग मी स्वतः बसले आणि त्या पायाला अर्धा तास कोमट तेलानं खालून वर रगडलं. लेक ओठ चावून पडली होती. तीन दिवस मी असं केलं. सूज वाढली तसा मी मोजा जरा सैल केला, एवढंच.

सतराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती मोरीकडे जायला उठली आणि दारातच खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर ती तोंड उघडून श्वास ओढत होती आणि श्वास काही आत जात नव्हता. ओठांचा रंग गेला होता. कपाळाला घाम, तोही गार. तिनं छातीवर हात ठेवून मला एवढंच म्हटलं, “आई, काहीतरी होऊन राहिलं.”

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण माणूस चांगला होता. त्यानं रक्तदाब पाहिला, तो फार खाली होता. ऑक्सिजन लावला. मग दुलईवरूनच पायांकडे हात करून तिला विचारलं, “पैर में दर्द था? सूजन? बिस्तर पर ही थी क्या इतने दिन?”

माझ्या लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे पाहून म्हणाली, “नहीं सर. चलती थी मैं, रोज. पैर ठीक है.”

मी तिथं उभी होते. माझ्यापासून तो डॉक्टर दोन हातांवर होता. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. वर्गात कोणी खोटं बोललं तर मला पाठमोरी असताना कळतं, आणि मी तिथल्या तिथं पकडते. त्या दिवशी मी माझ्याच पायांकडे पाहत राहिले. मला भीती होती की तो मला रागावेल, तिथं सगळ्यांसमोर, शिकल्या-सवरलेल्या बाईला. शपथेवर सांगते, माझ्या मनात याहून मोठं कारण काहीही नव्हतं.

डॉक्टरला वाटलं, रक्त कमी झालं असेल किंवा टाक्यांतून जंतू गेले असतील. बाळंतिणीत तेच जास्त दिसतं. त्यानं सलाईन लावलं, एक संपलं की दुसरं, आणि अँटिबायोटिक सुरू केलं. दुपार तशीच गेली. सलाईन जात होतं आणि ती सुधारायच्या ऐवजी जास्तच घाबरी होत होती. चार वाजता डॉक्टरनं हात टेकले आणि म्हणाला, नागपूरला न्या, आत्ताच. जावई पांढुर्ण्याहून येऊन पोचलेच होते. ॲम्ब्युलन्समध्ये ते तिच्या उशाशी बसले आणि मी नातीला घेऊन पायाशी. सौंसरचं नाव मागे गेलं, बोरगाव गेलं, आणि तरीही मी बोलले नाही.

नागपूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तिचे मोजे काढले. डावा पाय उजव्याच्या दीडपट झाला होता. चकाकत होता. त्यांनी पोटरी हलकेच दाबली आणि लेक कळवळली.

“आई, हा पाय कधीपासून असा आहे?”

“चार दिवस झाले,” मी म्हटलं.

“आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नाही?”

“त्यांनी विचारलं होतं,” मी म्हटलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. पुढं त्यांनी काही विचारलं नाही, पण मला वाटतं त्यांना कळलं.

त्यांनी तिच्या छातीवर मशीन फिरवलं आणि पडद्यावर हृदय दाखवलं. मी पाचवीच्या वर्गात हृदय शिकवते. फळ्यावर लाल आणि निळ्या खडूनं चार कप्पे काढते. डावी बाजू अंगभर रक्त पाठवते म्हणून तिची भिंत जाड, आणि उजवी बाजू फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत पाठवते म्हणून तिची भिंत पातळ. मी पोरांना सांगायची, इकडचं काम सोपं असतं. पडद्यावर तीच सोपं काम करणारी उजवी बाजू फुगून डावीच्या दुप्पट झाली होती आणि धड आकसतसुद्धा नव्हती.

रात्रीची व्यवस्था लावून झाल्यावर बाईंनी आम्हाला नीट समजावलं. एकाच जागी पडून राहिलेल्या पायात रक्त गोठतं. बाळंतपणात तर रक्ताला तसाही गोठायचा गुण जास्त येतो, कारण निसर्गाला रक्तस्राव थांबवायचा असतो. त्यात पाणी कमी मिळालं की आणखी भर. पायातल्या गाठीचा तुकडा सुटतो, वर चढतो, हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसात जातो आणि तिथल्या नळ्यांत अडकतो. मग मागून रक्त ढकलणाऱ्या उजव्या भागाला एकाएकी भिंतीवर धडका मारल्यासारखं होतं. त्याला ती सवय नसते. भिंतीला महिने-वर्षं मिळाली तर ती जाड होऊन ताकद कमावते, पातळ भिंतीला एका सकाळीच ते करायला सांगितलं तर ती फुगते.

जावयांनी विचारलं, “म्हणजे ठिबकच्या नळ्या बुजल्या की मोटार जळते, तसंच ना?”

“साधारण तसंच,” बाई म्हणाल्या. “फक्त जळत नाही. ताणली जाते, थकते. आणि आणखी एक होतं.” त्यांनी कागदावर दोन कप्पे काढले आणि मधली रेघ डावीकडे वाकवली. उजवा कप्पा फुगला की मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. डाव्या कप्प्यात रक्ताला जागाच उरत नाही. तशातही फुप्फुसातून त्याच्याकडे रक्त कमीच येत असतं. म्हणून अंगाला रक्त पुरत नाही, रक्तदाब पडतो, आणि मग खुद्द उजव्या भागालाच रक्त मिळेनासं होतं. तो आणखी दमतो. “अशा वेळी जास्त सलाईनसुद्धा सोसत नाही,” त्या म्हणाल्या. “आधीच भरलेल्या कप्प्यात आपण आणखी भरत असतो.” त्या डॉक्टरला त्यांनी दोष दिला नाही. त्याला जे सांगितलं त्यावर त्यानं केलं, एवढंच म्हणाल्या.

“आणि मालिश?” मी विचारलं. “मी तो पाय रगडत होते.”

“त्यानंच गाठ सुटली असं कोणी सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “आपोआपही सुटते.” त्या दयाळू होत्या. मला त्या दिवशी दया नको होती, कोणीतरी चार शब्द सुनावायला हवे होते.

गाठ विरघळवणारं औषध द्यायचं तर ताज्या टाक्यांतून रक्त वाहायची भीती, न द्यावं तर हृदय बंद पडायची. जावयांनी सही केली. औषध दिलं. दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब स्वतःच्या पायावर उभा राहिला, आणि सहाव्या दिवशी तिनं नातीला मागितलं. सगळे म्हणाले, वाचली. मीही म्हणाले.

घरी आल्यावर रक्त पातळ राहायची गोळी रोज, आणि दर काही दिवसांनी रक्ताची तपासणी. मी आता तिला चालवायला उठले तर जावई म्हणाले, “आई, मी नेतो तिला पांढुर्ण्याले. तुमाले शाळा आहे.” ते रागानं बोलले नाहीत. पण त्यांनी माझ्या घरातली ती बाज पाहिली होती. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तिच्या डोळ्याला डोळा देणं मला जमत नव्हतं.

तीन महिन्यांनी ती बरी व्हायला हवी होती. पायाची सूज उतरली होती, पण धाप गेली नव्हती. नातीला कडेवर घेऊन ओट्यापर्यंत गेली की बसावं लागायचं. पुन्हा नागपूर, पुन्हा मशीन. उजवा भाग अजूनही मोठाच होता. बाई म्हणाल्या, बहुतेकांच्या गाठी विरघळतात, काही थोड्यांच्या विरघळत नाहीत. त्या नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि चिवट होतात, आता त्यांना रक्त म्हणता येत नाही. पुढे रस्ता अरुंद तो अरुंदच, आणि उजव्या भागाला रोज, प्रत्येक ठोक्याला, तो दाब लोटायचा. काही महिने तो भिंत जाड करून तग धरतो. मग थकायला लागतो. गाठी खरवडून काढायचं ऑपरेशन असतं, पण ते मोजक्याच मोठ्या शहरांत होतं आणि त्यासाठी नंबर लागतो. आम्ही नंबर लावला.

त्या वाट पाहण्यात उजव्या हृदयाचं थकणं मी रविवार-रविवारनं पाहिलं. आधी संध्याकाळी घोट्यांवर सूज यायची, बोट दाबलं की खळगा पडायचा. मग ती सकाळीही राहू लागली. मानेची शीर कानाखालपर्यंत भरलेली दिसायची. उजव्या बरगडीखाली दुखायचं, कारण पुढे जात नाही ते रक्त मागे यकृतात तुंबतं. पोट फुगलं, जेवण जाईना. आता डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं की दगदग करू नको, पडून राह्य. माझी नात भिंतीला धरून उभी राहू लागली होती आणि आईच्या पलंगाला गोल गोल फेऱ्या मारायची.

मी रविवारी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला जायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. डबा न्यायची, कपडे धुवायची, नातीला न्हाऊ घालायची. तिच्याजवळ बसायचं मात्र टाळायची. हातात काम असलं की बसावं लागत नाही.

दहाव्या महिन्यातल्या एका रविवारी जावई औषधं आणायला बाजारात गेले होते. नात झोपली होती. धुणं संपलं होतं, भांडी संपली होती, आणि मला घरात काही सापडेना. तिनं पलंगावर हात आपटून मला बसायला सांगितलं. मी बसले. आणि जे बोलायला दहा महिने लागले ते एकदम बोलून गेले.

“तू त्या डॉक्टरसमोर खोटं काहून बोलली? अन् मी गप राहिली. तुह्या तोंडाकडे पाहून मी गप राहिली. सकाळीच सांगतलं असतं तर सकाळीच नागपूरले नेलं असतं.”

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. तिला एका दमात चार-पाच शब्दच बोलता यायचे, मधे थांबावं लागायचं. “त्यानं तुले बोललेलं मले नसतं चाललं.”

“मले बोलले असते त मरत नव्हती मी. मीच तुले उठू नाही देल्लं.”

ती हसली. तिचे ओठ निळसर झाले होते, तरी हसली.

“तू नाही उठू देल्लं, असं नाही व आई. मले मोबाईलवर वाचाले येते. मले माहीत होतं चालाले पाहिजे. तू आंघोळीले गेली की मी उठू शकत होती.” तिनं दम घेतला. “तू शनिवारी यायची. रविवारी जायची. मी लहान होती तेव्हा. तुह्या साडीचा वास जायच्या आधी तू जायची. त्या बाजेवर तू रोज होती. सकाळी उठलं की तू. दुपारी तू, पायापाशी. मले वाटलं, उठली त संपन हे. मले उठायचंच नव्हतं.”

मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला दिवसातून दहादा सुचतं. मी म्हणायला हवं होतं की उद्यापासून मी इथंच आहे. रजा होती माझी. अर्ज दिला असता तर मुख्याध्यापकांनी या वेळी चष्म्यावरून पाहिलंही नसतं. पण तिला धाप लागली होती, नाकपुड्या फुलत होत्या, आणि मला रडू येत होतं. रडू आलं की मला राग येतो. ही माझी जुनी खोड आहे. मी दरडावून म्हटलं, “बस झालं आता, बोलू नको.”

ती गप्प झाली. मी तिच्या अंगावरची चादर नीट केली. नात उठली, तिला दूध दिलं. जावई आले. साडेपाचला मी निघाले, कारण सोमवारी शाळा होती. दारातून वळून पाहिलं तर तिनं हात थोडासा वर केला होता.

बुधवारी मधल्या सुट्टीत जावयांचा फोन आला, ती गेली म्हणून. तिच्याजवळ राहायचा शेवटचा दिवस तो रविवार होता, आणि मी संध्याकाळच्या बसनं निघून गेले होते.